शस्त्रक्रियेनंतर मूल 'ब्रेन डेड' सांगितलं आणि घरच्यांना ते पटत नसेल तर?

मेघवेडी

विषय जड आहे. बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा, वय वर्षं नऊ. टॉन्सिल काढायला नेलं होतं. सकाळी शस्त्रक्रिया झाली, दुपारी तो शुद्धीवर आला, आईशी खुणेने बोलला. रात्री रक्तस्राव सुरू झाला. पहाटे हृदय थांबलं, डॉक्टरांनी ते परत चालू केलं. तिसऱ्या दिवशी आम्हाला एका छोट्या खोलीत बसवून सांगितलं की तो ब्रेन डेड आहे.

ताई म्हणाली, "नाही." एवढंच. पुढचे पाच दिवस ती त्या एका शब्दावर उभी होती. मी दोन्हीकडचे निरोप पोचवत होते, कारण तिने डॉक्टरांशी बोलणं बंद केलं होतं आणि भावजी वकील शोधत होते. सहाव्या दिवशी व्हेंटिलेटर चालू असतानाच हृदय थांबलं. म्हणजे मशीन काढायचं की नाही हे कुणालाच ठरवावं लागलं नाही.

मला तेव्हा वाटत होतं ताई चुकतेय. आता तितकी खात्री वाटत नाही. अशा वेळी हॉस्पिटलने किती थांबावं? आणि "नाही" म्हणणाऱ्या आईला नक्की काय कळलेलं नसतं? की तिला काही वेगळंच कळलेलं असतं?

पारवा

वाचून सुन्न झालो. ताईंना सांभाळा.

तिठा

मेघवेडी, तुमचा प्रसंग वाचताना जाही मॅकमॅथची आठवण झाली. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो.

कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडची 13 वर्षांची मुलगी. झोपेत श्वास अडकायचा म्हणून 9 डिसेंबर 2013 ला टॉन्सिल, ॲडिनॉइड आणि घशातला आणखी काही भाग काढला. नंतर रक्त येऊ लागलं. घरचे सारखे सांगत राहिले की फार रक्त जातंय. मध्यरात्रीनंतर हृदय थांबलं. 12 डिसेंबरला डॉक्टरांनी मेंदूमृत घोषित केलं.

आई कोर्टात गेली. कोर्टाने स्टॅनफर्डचे बालमेंदूविकारतज्ज्ञ पॉल फिशर यांना स्वतंत्रपणे तपासायला सांगितलं. त्यांचाही निष्कर्ष तोच. 24 डिसेंबरला न्यायाधीश एव्हेलिओ ग्रिलो यांनी ती कायद्याने मृत असल्याचा निकाल दिला, पण व्हेंटिलेटर आधी 30 डिसेंबरपर्यंत आणि मग 7 जानेवारीपर्यंत काढू नका असं सांगितलं. कॅलिफोर्नियात तिचा मृत्यूचा दाखला निघाला, तारीख 12 डिसेंबर. 5 जानेवारी 2014 ला आईने तिला व्हेंटिलेटरसकट तिथून हलवलं आणि न्यू जर्सीला नेलं. तिथे पुढे साडेचार वर्षं हृदय चालू होतं, बराच काळ एका साध्या घरात. 22 जून 2018 ला पोटातल्या गुंतागुंतीनंतर ते थांबलं आणि न्यू जर्सीत दुसरा दाखला निघाला.

एका मुलीचे दोन मृत्यू, दोन राज्यांत, दोन तारखांना. आणि दोन्ही कागद खरे.

भूलवाली

मी भूलतज्ज्ञ आहे, तीसेक वर्षं हेच काम करते. आधी शब्दांचा गोंधळ दूर करते, कारण अर्धी भांडणं तिथून सुरू होतात.

कोमात मेंदू जिवंत असतो, माणूस जागा नसतो. 'व्हेजिटेटिव्ह' अवस्थेत डोळे उघडतात, झोप-जाग चालते, श्वास स्वतःचा असतो, भान दिसत नाही. मेंदूमृत माणसाच्या मस्तिष्कस्तंभाचं, म्हणजे श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या खालच्या देठाचं कामसुद्धा कायमचं बंद झालेलं असतं, त्यामुळे श्वास घ्यायची प्रेरणाच उरत नाही. हृदयाला स्वतःचा ठोका असतो. प्राणवायू मिळत राहिला तर ते मेंदूच्या हुकमाशिवायही धडधडतं. म्हणून अंग गरम, छाती वरखाली, त्वचेला रंग. आईला दिसतं ते खरंच दिसत असतं.

तपासणी घाईत करायची नसते. आधी मेंदूला इजा कशामुळे झाली ते माहीत हवं. शरीर थंड नको, गुंगीच्या औषधांचा अंमल नको, रक्तदाब ठीक हवा. हृदय थांबून परत चालू झालं असेल तर मुलांमध्ये निदान 24 तास थांबायचं. मग डोळ्यांच्या बाहुल्यांवर उजेड, बुबुळाला स्पर्श, कानात थंड पाणी, घशातली उबळ, खोकला. शेवटी श्वासाची चाचणी: प्राणवायू देत राहायचा, मशीनचे श्वास थांबवायचे आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू द्यायचा. एरवी तो 40 च्या आसपास असतो. तो 60 च्या वर आणि सुरुवातीपेक्षा किमान 20 ने वाढला तरी छाती हललीच नाही, तर श्वासाचं केंद्र गेलं असं म्हणतात. अमेरिकेतल्या नियमावलीनुसार महिन्याहून मोठ्या मुलांत ही सगळी तपासणी दोनदा, 12 तासांच्या अंतराने, दोन वेगळ्या डॉक्टरांनी करायची असते.

आणखी एक. मेंदूमृत शरीरात मणक्यातून येणाऱ्या हालचाली होतात. बोटं आकसतात, पाय ओढला जातो, क्वचित हात छातीपर्यंत उचलला जातो. हे घरच्यांना आधी सांगितलं नाही आणि त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं, की नंतर कितीही समजावा.

मेघवेडी

आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा अंगठा हलायचा. ताईने त्याचे व्हिडिओ काढलेत, अजून फोनमध्ये आहेत.

पारवा

भूलवाली, आदर ठेवून असहमती नोंदवतो. तुम्ही सांगता तितकं हे पक्कं नाही.

जाहीला न्यू जर्सीत असताना पाळी आली. तिच्यात वयात येण्याची लक्षणं दिसली. त्यासाठी मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचं, म्हणजे हार्मोन्सचा कारभार पाहणाऱ्या भागाचं काम लागतं. 2014 च्या एमआरआयमध्ये मेंदूचं खूप नुकसान दिसलं, पण मेंदू विरघळून गेलेला नव्हता. मेंदूविकारतज्ज्ञ ॲलन श्यूमन यांनी तिचे व्हिडिओ पाहून, तिला भेटून मत दिलं की ती आता मेंदूमृत्यूच्या निकषांत बसत नाही. 2017 मध्ये न्यायाधीशांनीही मान्य केलं की ती आजही निकष पूर्ण करते का, हा खटल्यात तपासण्याजोगा प्रश्न आहे.

अमेरिकी कायद्याचे शब्द आहेत: मस्तिष्कस्तंभासह 'संपूर्ण मेंदूची सर्व कार्यं' कायमची थांबणं. हायपोथॅलॅमस काम करत असेल तर 'सर्व' कुठे राहिलं? मग अडाणी कोण, ती आई की आपण?

भूलवाली

अडाणी मी कुणालाच म्हटलं नाही.

पण कायद्याच्या शब्दांबद्दलचा तुमचा मुद्दा बरोबर आहे, आणि आमच्यातलेही बरेच जण तो मान्य करतात. आमच्या चाचण्या भान, मस्तिष्कस्तंभ आणि श्वास तपासतात. हायपोथॅलॅमसची हार्मोन्स तपासत नाहीत. ब्रिटनने 1976 पासूनच मस्तिष्कस्तंभ हा निकष धरला, त्यामुळे तिथे हा 'सर्व'चा पेच तितका येत नाही. अमेरिकेत कायदा एक बोलतो आणि चाचणी दुसरंच मोजते. ही फट खरी आहे, तिच्यावर पांघरूण घालून विश्वास मिळणार नाही.

मात्र जाहीच्या बाबतीत हेही लक्षात घ्या की पहिल्या महिन्यानंतर तिची नियमानुसार पूर्ण तपासणी, श्वासाच्या चाचणीसह, पुन्हा झालीच नाही. व्हिडिओ म्हणजे तपासणी नव्हे. आणि हृदय वर्षानुवर्षं चाललं म्हणजे मेंदू होताच असंही नाही. श्यूमन यांनीच अभ्यासलेला एक मुलगा होता. वयाच्या चौथ्या वर्षी मेंदूज्वर झाला, त्यानंतर सुमारे 20 वर्षं शरीर चालू राहिलं. शवविच्छेदनात कवटीत ओळखण्याजोगा मेंदू उरलेला नव्हता, कॅल्शियम साचलेलं कवच होतं. त्या मुलाची उंची मात्र वाढली होती.

साधामाणूस

उंची वाढली होती... हे वाक्य डोक्यातून जाईना.

अर्जदार

वकिली करतो. मेघवेडींचा प्रश्न "किती थांबावं" असा आहे, त्याला प्रत्येक कायद्याने वेगळं उत्तर दिलंय.

कॅलिफोर्नियात हॉस्पिटलने नातेवाइकांना 'वाजवी, थोडा' वेळ द्यायचा असतो, जवळच्यांना जमता यावं इतका. न्यू जर्सीचा 1991 चा कायदा म्हणतो, रुग्णाच्या धार्मिक श्रद्धेला मेंदूमृत्यू मान्य नसेल तर हृदय थांबेपर्यंत त्याला मृत म्हणायचं नाही. म्हणूनच जाहीला तिकडे नेलं. इस्रायलच्या 2008 च्या कायद्यातही घरच्यांच्या अशा हरकतीला जागा आहे, हृदय थांबेपर्यंत व्हेंटिलेटर चालू ठेवतात. जपानच्या 1997 च्या कायद्यात मेंदूमृत्यूचा प्रश्न अवयवदानाच्या संदर्भातच येत होता आणि 15 वर्षांखालच्या मुलांसाठी ते दार 2010 च्या बदलानंतर उघडलं. भारतातही व्याख्या आली ती 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यातूनच. चार डॉक्टरांचं मंडळ, सहा तासांच्या अंतराने दोन तपासण्या. पण दान करायचं नसेल तर पुढे काय, यावर तो कायदा फारसं बोलत नाही. केरळने 2020 मध्ये मेंदूमृत्यूच्या प्रमाणपत्रासाठी स्वतंत्र आदेश काढला, तो याचसाठी महत्त्वाचा.

आता कमी बोलली जाणारी गोष्ट. कॅलिफोर्नियात 1975 पासून वैद्यकीय चुकीच्या खटल्यात वेदना आणि दुःखापोटीच्या भरपाईवर अडीच लाख डॉलरची मर्यादा होती, 2023 पासून ती वाढवली. मूल मेलं तर मर्यादा लागू. मूल जगलं आणि आयुष्यभर उपचार लागणार असतील तर त्या उपचारांच्या खर्चावर मर्यादा नाही. म्हणजे ज्या हॉस्पिटलवर चूक केल्याचा आरोप, त्याच हॉस्पिटलला मूल मृत ठरण्यात पैशाचा फायदा. डॉक्टरांच्या मनात हे आलंही नसेल. पण आईच्या मनात येणारच.

साधामाणूस

आणि कित्येक ठिकाणी लोकांना बरोब्बर उलटी भीती असते, की माणूस गेलाय तरी बिलासाठी मशीनवर ठेवलंय.

तिठा

साधामाणूस, हा नेमका मुद्दा आहे. एकीकडे "लवकर मारताय" आणि दुसरीकडे "मेलेल्याला जिवंत दाखवताय". तक्रारी उलट्या, पण दोन्हींत माणूस एकच गोष्ट म्हणतोय: तुम्ही सांगता त्यावर माझा विश्वास नाही.

जुनापाना

थोडं अवांतर, पण संदर्भाला धरून. हा प्रश्न आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत नव्हताच. श्वास थांबला की हृदय थांबायचं, दोन मरणांत अंतर पडायला वावच नव्हता. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने घशात छिद्र पाडून हाताने फुगा दाबून रुग्णांना श्वास द्यायची पद्धत सुरू केली. वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून तासन् तास फुगे दाबत बसायचे. त्यातली कित्येक मुलं जगली. आजचा अतिदक्षता विभाग तिथून उभा राहिला.

आणि तिथूनच हेही आलं. 1959 मध्ये मोलारे आणि गूलाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कोमाच्याही पलीकडची अवस्था म्हणून याचं वर्णन केलं. 1968 मध्ये हार्वर्डच्या समितीने त्याला मृत्यूचा नवा निकष म्हणावं असं सुचवलं. त्यांनी दोन कारणं उघड लिहिली होती: अशा रुग्णांचा भार आणि अवयव मिळवण्यातले वाद. दुसऱ्या कारणाची सावली या विषयावरून अजून हटलेली नाही.

निशिगंध

त्या सावलीबद्दल मी सांगते. माझ्या भाचीच्या वेळी निदान सांगितल्यावर दहा मिनिटांत अवयवदानाचा विषय निघाला. आम्ही अवयवदानाच्या विरोधात नव्हतो, माझ्या स्वतःच्या पाकिटात दात्याचं कार्ड आहे. पण त्या दहा मिनिटांमुळे माझ्या भावाने नकार दिला. तो म्हणाला, हे तिला बघायला आले होते की तिच्यातलं काही घ्यायला?

प्रत्यारोपण करणारे डॉक्टर मेंदूमृत्यू ठरवणाऱ्या मंडळात नसतात हे आम्हाला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर कदाचित चार घरांत ती आज असती. याची खंत मला आहे, भावाला जास्त आहे.

रात्रपाळी

मी मुलांच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे. धागा परवापासून वाचतेय, ड्यूटीमुळे आज लिहितेय.

आमच्याकडे एक मूल असं होतं. त्याच्या आजीने मला विचारलं होतं, "सिस्टर, डॉक्टर म्हणतात तो नाही. मग तुम्ही त्याला 'बाळा, कूस बदलते हं' का म्हणता?" मला उत्तर आलं नाही.

नंतर विचार केला. मी त्याच्याशी बोलते कारण माझ्या हाताखाली एक मूल आहे आणि हात लावण्याआधी सांगायची सवय आहे. मेलेल्या माणसाला अंघोळ घालतानाही मी बोलते. पण आजीला ते तसं ऐकू गेलं नाही. तिला ऐकू गेलं की सिस्टरला माहितीये तो आत आहे. आम्ही तोंडाने "गेला" म्हणतो आणि औषधांचे पंप चालू, तापाची नोंद चालू, "आज बीपी बरं आहे" असंही बोलून जातो. 'लाइफ सपोर्ट' म्हणतो. मृताला लाइफ सपोर्ट कसा असेल? आमच्याच भाषेत दोन बातम्या असतात, घरचे त्यातली सहन होणारी निवडतात. त्यांचं काय चुकलं?

आमच्या विभागात एका वरिष्ठ डॉक्टरांनी एक बदल केला. दुसऱ्या तपासणीच्या वेळी आईवडिलांना, त्यांची इच्छा असेल तर, शेजारी उभं राहू देतात. श्वासाच्या चाचणीत ती आठ-दहा मिनिटं छाती स्थिर असते. मी एका वडिलांना मुलाच्या छातीवर नजर लावून उभे राहिलेलं पाहिलंय. त्यांनी स्वतःचा श्वास धरला होता. मध्ये सोडला, परत धरला. संपल्यावर ते म्हणाले, "आता मला कळलं." त्याआधी चार दिवस ते आमच्या अंगावर ओरडत होते.

सगळ्यांना हे झेपणार नाही. एक आई मध्येच बाहेर गेली. पण विचारायला तरी हवं.

भूलवाली

रात्रपाळी, हे फार मोलाचं लिहिलंत. मीही घरच्यांना शेजारी उभं करण्याच्या बाजूची आहे, आमच्याकडे त्यावरून वाद झालेत.

वातावरण फार जड झालंय, म्हणून एक. टॉन्सिलसाठी आलेल्या सहा वर्षांच्या मुलीला मी भूल देताना म्हटलं, दहापर्यंत अंक म्हण. ती म्हणाली, "मला शंभरपर्यंत येतात, तुम्ही थांबाल ना?" चारवर झोपली. उठल्यावर पहिला शब्द, "पाच." आता ती कॉलेजात आहे. अशीच मुलं जास्त असतात, बहुतेक सगळी. टॉन्सिलसाठी मूल न्यायचं असेल आणि हा धागा वाचून कुणी घाबरलं असेल तर हे लक्षात ठेवा.

आणि सोबत हेही: शस्त्रक्रियेनंतर पहिल्या 24 तासांत, आणि पुन्हा साधारण पाच ते दहा दिवसांदरम्यान, खपली निघताना रक्त येऊ शकतं. मूल सारखं गिळत असेल, रक्ताची उलटी झाली, तर वाट बघू नका. झोपेत श्वास अडकणाऱ्या मुलांना पहिली रात्र निगराणीत ठेवावं लागतं. टॉन्सिलनंतर मुलांना कोडीन हे वेदनाशामक देऊ नये असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 मध्येच दिला आहे, काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फिन फार झपाट्याने होतं आणि श्वास मंदावतो.

मेघवेडी

सारखं गिळत होता तो. ताईने रात्री दोनदा सांगितलं होतं. "शस्त्रक्रियेनंतर थोडं येतंच" असं उत्तर मिळालं.

तिठा

मेघवेडी, मला वाटतं तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर या तुमच्याच दोन ओळींत आहे. जाहीच्या घरच्यांचंही म्हणणं हेच होतं: आम्ही सांगत होतो, कुणी ऐकलं नाही. रात्री ज्यांनी "थोडं येतंच" म्हटलं आणि ते चुकीचं निघालं, तेच तिसऱ्या दिवशी म्हणतात, "आता काही उरलं नाही, खात्री आहे." आईने दुसऱ्या वाक्यावर का विश्वास ठेवावा? तिला मेंदूचं शास्त्र कळलं नाही असं नाही. पहिल्या रात्रीचा हिशोब कुणी दिला नाही, म्हणून ती तिसऱ्या दिवसाचा निकाल घेत नाही.

पारवा

+1. वर माझा सगळा जोर व्याख्येवर होता. व्याख्येतली फट मला अजूनही महत्त्वाची वाटते, पण बहुतेक घरांत भांडण त्या फटीवरून सुरू होत नसणार हे मान्य.

भूलवाली

तिठा, हे वाचायला मला जड गेलं, पण खरं आहे. अशा प्रसंगी पहिल्या तासापासून आम्हाला वकिलांमार्फत बोला असं सांगितलं जातं. आम्ही गप्प होतो आणि आमची चाचणी तेवढी बोलत राहते. दुसऱ्या संस्थेतला डॉक्टर तपासणीला बोलावणं, तेही घरच्यांनी मागण्याआधी, हे मी तरी प्रत्येक अशा केसमध्ये करावं म्हणेन. शस्त्रक्रिया आमची, गुंतागुंत आमची आणि मृत्यूही आम्हीच ठरवणार, हे बाहेरून कसं दिसतं ते आम्हाला कळायला हवं.

साधामाणूस

पण मग थांबायचं किती? तो प्रश्न राहिलाच. बाहेर दुसरं मूल बेडची वाट बघत असेल तर?

रात्रपाळी

साधामाणूस, ते असतंच. मला आकडा सांगता येणार नाही. दुसऱ्या तपासणीनंतर एक-दोन दिवस दिले आणि त्या वेळात कुणीतरी रोज येऊन बसलं, तर बहुतेक घरं ते स्वीकारण्यापर्यंत येतात. नुसते दिवस दिले आणि कुणी फिरकलंच नाही, तर आठवडाही पुरत नाही.

मेघवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज ताईला हा धागा वाचून दाखवला, सगळा नाही, रात्रपाळींचा आणि तिठांचा प्रतिसाद. ती बराच वेळ बोलली नाही. मग विचारलं, "त्याची तारीख कोणती मग?" दाखल्यावर सहाव्या दिवसाची आहे. तिला वाटतं तो पहाटेच गेला, हृदय थांबलं तेव्हा, आणि ती पाच दिवस भांडत राहिली ती त्या पहाटेसाठी. मला काय बोलावं सुचलं नाही.

अर्जदार

याचं उत्तर कायदेही एकसारखं देत नाहीत. 2008 च्या ब्रिटिश नियमावलीत दोन तपासण्यांतल्या पहिलीची वेळ ही मृत्यूची वेळ धरली होती, अमेरिकेत मुलांसाठी दुसरीची. ताईंनी मनात कोणती धरावी हे कुणी वकील सांगू शकत नाही.

पण त्या पहाटेबद्दल एक करता येईल. उपचारांचे कागद मागण्याचा पालकांना हक्क आहे, रीतसर अर्ज दिल्यापासून 72 तासांत ते द्यावे लागतात. खटला करायचा नसला तरी मागा. अर्जाचा मसुदा विपूत (विचारपूस, खाजगी निरोपात) पाठवतो.

मेघवेडी

मसुदा मिळाला. उद्या ताई आणि मी जातोय. तिला एवढंच बघायचंय की किती वाजता तिने सांगितलं ते कुठे लिहिलंय का.

रात्रपाळी

नर्सच्या नोंदींची पानं डॉक्टरांच्या कागदांपासून वेगळी असतात. अर्जात ती नाव घालून मागा. नाडी, रक्तदाब, किती वाजता कुणाला फोन केला, आई काय म्हणाली, लिहिलं असेल तर तिथे असेल.